बेबाकीचे कागद

गॅरेजमध्ये तात्पुरतं स्वयंपाकघर थाटलं होतं. इंडक्शनवर कुकर चढवून तिसऱ्या शिट्टीची वाट बघत होते, तेवढ्यात पोस्टमन आला आणि सही घेऊन एक पाकीट देऊन गेला. सर्टिफाइड मेल. पाठवणारी कुठलीशी कॅबिनेट कंपनी, नाव कधी ऐकलेलं नाही. आत एकच पान आणि त्यावर ठळक अक्षरांतला मजकूर. त्याचा मथितार्थ असा: तुम्ही तुमच्या कॉन्ट्रॅक्टरला सगळे पैसे चुकते केले असले, तरी हे पत्र पाठवणाऱ्याला त्याचे पैसे मिळाले नाहीत, तर तुमच्या घरावर लीन लागू शकतो, त्यापायी घर जाऊही शकतं.

चौथी शिट्टी कधी झाली मला कळलं नाही. भात खाली लागला.

लीन हा शब्द मला ‘चरणी लीन’ एवढ्यापुरताच माहीत. बाबा तेव्हा सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आले होते. तलाठी म्हणून निवृत्त झालेला माणूस. कागद दिसला की चष्मा आपोआप नाकावर येतो. मी वाक्य वाक्य मराठी करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “म्हणजे बोजा चढवतात.”

सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो, त्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा लिहिलेला असतो. कर्ज फेडलं म्हणून तो रकाना आपोआप कोरा होत नाही. सोसायटीचा बेबाकी दाखला आणून द्यावा लागतो, मग फेरफार होतो, मग बोजा उतरतो. हे सगळं बाबांनी आयुष्यभर लोकांना सांगितलेलं. “फरक एवढाच,” ते म्हणाले, “आपल्याकडे बोजा स्वतःच्या कर्जाचा असतो. इथे तुझ्या घरावर दुसऱ्याच्या उधारीचा बसणार. मग दाखले आत्तापासून गोळा कर. काम झाल्यावर कोणी दारात उभं राहात नाही.”

हे ऐकताना मला ते जरा जास्तच तलाठी वाटले. महिन्याभराने त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं.

थोडं मागे जाते. आमचं घर १९७३ सालचं, एकमजली. स्वयंपाकघर त्याच काळातलं: वरच्या कॅबिनेटची दारं धड लागत नव्हती आणि फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजायचा. स्वयंपाकघर आणि एक बाथरूम, असं ९६ हजार डॉलरचं काम ठरलं. कॉन्ट्रॅक्टरचा लायसन्स नंबर राज्याच्या कॉन्ट्रॅक्टर लायसन्स बोर्डाच्या साइटवर टाकून पाहिला होता, बाँड आणि विमा चालू आहे ना तेही पाहिलं होतं. ॲडव्हान्सही कायद्याप्रमाणे दिला. कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या कामाला एक हजार डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यातली जी रक्कम कमी असेल त्याहून जास्त ॲडव्हान्स सर्वसाधारणपणे मागताच येत नाही. आमच्या बाबतीत ते हजार झाले. याआधी आलेल्या एकाने सुरुवातीलाच ३० टक्के मागितले होते, त्याला तिथूनच नमस्कार केला. एवढं सगळं केल्यावर आपण सावध गिऱ्हाईक आहोत अशी माझी समजूत झाली होती. लीनबद्दलची सूचना करारात छापलेली होती. ते पान मी सही करताना फक्त उलटलं होतं.

पंधरा दिवसांत अशी आणखी तीन पत्रं आली. इलेक्ट्रिशियनचं, ड्रायवॉलचा माल देणाऱ्याचं आणि काउंटरटॉप बनवणाऱ्याचं. मी हबकलेच. ऑफिसमधल्या एका गुजराती सहकाऱ्याने दोन वर्षांपूर्वी घर वाढवलं होतं, त्याला फोन केला. तो हसत म्हणाला, “अगं, ही हजेरी आहे. अमुक माणूस तुझ्या कामावर आहे, एवढंच ते पत्र सांगतं. ज्यांची पत्रं येत नाहीत त्यांची काळजी कर.”

नंतर वाचून नीट समजलं. या पत्राला प्रिलिमिनरी नोटीस म्हणतात. ज्यांचा करार थेट आपल्याशी नाही, म्हणजे सब-कॉन्ट्रॅक्टर आणि माल पुरवणारे, त्यांनी काम किंवा माल सुरू केल्यापासून २० दिवसांत ही नोटीस दिली तर त्यांचा पूर्ण हक्क राहतो. उशिरा दिली तर नोटिशीच्या आधीच्या २० दिवसांपासून पुढच्या कामापुरताच राहतो. आपल्या मुख्य कॉन्ट्रॅक्टरला आपल्याला नोटीस द्यावी लागत नाही. त्याला आपण ओळखतोच. रोजंदारीवरच्या मजुरांनाही द्यावी लागत नाही. आणि लीन लागला म्हणून लगेच कोणी घराला कुलूप लावत नाही. नोंदवल्यापासून ९० दिवसांत त्याला कोर्टात दावा करावा लागतो, नाही तर त्या लीनच्या जोरावर वसुली करता येत नाही. पण तेवढ्यात आपल्याला घर विकायचं असेल किंवा कर्ज रीफायनान्स करायचं असेल, तर टायटल रिपोर्टमध्ये तो दिसतो आणि व्यवहार तिथेच अडकतो.

पहिल्यांदा मला हा कायदा सरळ अन्याय वाटला. मी पैसे दिले, मग माझ्या घरावर का? बाबांना मात्र तसं वाटलं नाही. “ज्याने फरशी बसवली त्याची फरशी तुझ्या घरात राहिली ना? ती उखडून नेता येते का?” खरं आहे. या कायद्याची अमेरिकेतली सुरुवातही अशीच. १७९१ साली मेरिलंडने पहिला असा कायदा केला तो नवी राजधानी, म्हणजे वॉशिंग्टन, बांधायला कारागीर आणि माल उधारीवर मिळावेत म्हणून. कॅलिफोर्नियाने तर हा हक्क १८७९च्या राज्यघटनेतच घातला.

आता कागदांविषयी. कॅलिफोर्नियात लीन रिलीजचे, म्हणजे लीनचा हक्क सोडल्याच्या दाखल्यांचे, चार फॉर्म आहेत आणि त्यांचा मजकूर कायद्यातच दिलेला आहे: सिव्हिल कोडची कलमं ८१३२, ८१३४, ८१३६ आणि ८१३८. दोन हप्त्यांसाठी, दोन शेवटच्या पैशांसाठी. प्रत्येक जोडीत एक कंडिशनल आणि एक अनकंडिशनल, म्हणजे सशर्त आणि बिनशर्त. सशर्त म्हणजे ‘हा चेक वटला तर माझा हक्क सोडला’. बिनशर्त म्हणजे ‘पैसे मिळाले, हक्क सोडला’. चेक देताना सशर्त घ्यायचा, चेक वटला की त्याच रकमेचा बिनशर्त मागायचा आणि तो हातात आल्याशिवाय पुढचा हप्ता द्यायचा नाही. आपण मागितलं तर दिलेल्या पैशांपुरते सब आणि सप्लायर यांचेही रिलीज आणून देणं घरदुरुस्तीच्या कॉन्ट्रॅक्टरवर कायद्यानेच बंधनकारक आहे. ‘मागितलं तर’ हे महत्त्वाचं. आम्ही मागितलं नव्हतं.

दुसरा हप्ता १८ हजारांचा, त्यात कॅबिनेटचं आगाऊ होतं. तो देऊन झाला होता आणि कॉन्ट्रॅक्टरने न मागता, गोड हसून, स्वतःच्या सहीचा बिनशर्त रिलीज दिला होता. मी खूश होऊन तो बाबांना दाखवला. त्यांनी ‘क्लेमंट’, म्हणजे हक्क सांगणारा, या शब्दापुढचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

“ही बेबाकी ह्याची झाली. ह्याच्या खालच्यांची कुठाय?”

खरोखरच, तो कागद त्याच्या एकट्याच्या हक्कापुरता होता. कॅबिनेटवाल्यांचा हक्क जागच्या जागी होता.

मग मी नोटिशीवरचा नंबर फिरवला. हिशेब बघणाऱ्या बाई फार सभ्यपणे बोलल्या. जॉबचा पत्ता विचारला, क्षणभर की-बोर्डचा आवाज आला आणि म्हणाल्या, तुमच्या कामावर ११ हजार ४६० डॉलर येणे बाकी आहे, काहीही जमा झालेलं नाही. माल तयार आहे. कॉन्ट्रॅक्टरचं आमच्याकडे उधारीचं खातं आहे, म्हणून पाठवू.

म्हणजे आमचे पैसे कुठे गेले? ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. कॉन्ट्रॅक्टरचं दुसरं एक काम अडकलं होतं, तिथे ते गेले होते. हे त्याने स्वतःच सांगितलं, तेही आधी ‘आमचा फॅमिली बिझनेस आहे, काळजी करू नका’ वगैरे झाल्यावर. माणूस लबाड होता असं मला आजही वाटत नाही. काम त्याचं सुरेख होतं. पण एका हातातल्या पैशाने दुसऱ्या हाताचं बिल भागवत जगणारा होता, आणि असा माणूस एक दिवस पडला की त्याच्याबरोबर पाचसहा घरं पडतात.

नवऱ्याचं मत होतं की आता जास्त ताणू नको, अर्धं स्वयंपाकघर उघडं पडलंय, तो निघून गेला तर? हीच खरी अडचण आहे. भिंती फोडलेल्या, सिंक बाथटबमध्ये, आणि समोरच्या माणसाकडे कागद मागायचा. वर आपल्या अंगातली भीड. घरी काम करणाऱ्या माणसाला चहा द्यायचा आणि त्याच चहाबरोबर ‘तुमच्यावर विश्वास नाही’ असं वाटेल असं काही म्हणायचं, हे मला जमेना. चार दिवस मी नुसतीच आलं किसत राहिले.

शेवटी मार्ग निघाला तो जॉइंट चेकचा. तिसरा हप्ता २२ हजारांचा, कॅबिनेट पोचल्यावर द्यायचा. त्याचे मी दोन चेक केले. एक ११ हजार ४६०चा, कॉन्ट्रॅक्टर ‘अँड’ कॅबिनेट कंपनी अशा दोघांच्या नावे. उरलेले १० हजार ५४० कॉन्ट्रॅक्टरच्या नावे. दोन नावांच्या मध्ये ‘अँड’ लिहायचं. ‘ऑर’ लिहिलं तर दोघांपैकी कोणीही एकटा वटवू शकतो आणि सगळा खटाटोप पाण्यात. मी तो शब्द इतका मोठा लिहिला की चेकवर तोच आधी दिसत होता. आधीचे पैसे पुढच्या हप्त्यांतून वळते झाले, त्याचं एक पान वेगळं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. कॉन्ट्रॅक्टरला राग आला होता. चहा न घेता गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मात्र नेहमीसारखी गाडी दारात. कॅबिनेटवाल्या बाईंनी सशर्त रिलीज ईमेलने त्याच दुपारी पाठवला आणि चेक वटल्यावर बिनशर्तही. बाबांनी दोन्हीची प्रिंट मागितली. त्यांना स्क्रीनवरचा कागद कागद वाटत नाही.

त्यानंतर मी एक वही केली. डाव्या पानावर कामावरचा प्रत्येक माणूस, उजव्या पानावर त्याचे कागद. नोटीस न आलेल्यांचीही नावं लिहिली: प्लंबर आणि टाइल बसवणारा. आता भीड चेपली होती. उलट असं लक्षात आलं की माल पुरवणाऱ्या कंपन्यांना हे रोजचंच आहे. मागितलं की ‘थ्रू डेट काय टाकू?’ एवढंच विचारतात.

ही थ्रू डेट म्हणजे अमुक तारखेपर्यंतच्या कामाचा हक्क सोडला ती तारीख. ड्रायवॉलवाल्यांच्या कागदावर ३१ मार्च होती. रक्कम बरोबर, सही बरोबर, घराचा पत्ताही बरोबर. पण माल आमच्याकडे उतरला होता ९ एप्रिलला. म्हणजे ज्या दिवसाचा हक्क सोडून हवा होता, तोच दिवस कागदाबाहेर. चूक माझ्या लक्षात आली नव्हती. बाबा वहीशी ताडून बघत होते, त्यांना सापडली. त्या दिवशी ते दिवसभर फार आनंदात होते.

इलेक्ट्रिशियनच्या कागदावर वेगळीच गंमत. या फॉर्मवर ‘एक्सेप्शन्स’ म्हणून एक भाग असतो. त्यात जे लिहिलं जाईल तेवढ्यापुरता हक्क सुटत नाही. तिथे पेनाने लिहिलेलं: जादा कामाचे १,८५० डॉलर, वादग्रस्त. कसलं जादा काम? मग आठवलं. मिक्सर आणि इलेक्ट्रिक वाटण-यंत्रासाठी ओट्यावर दोन सॉकेट वाढवून दे, आणि हूडला स्वतंत्र सर्किट दे, असं मीच त्याला उभ्या उभ्या सांगितलं होतं. चेंज ऑर्डर लिहून घेतली नव्हती. जादा काम सुरू करण्याआधी ते लेखी व्हायला हवं होतं. ते मी त्याच्याकडून घेतलं नाही, त्यानेही दिलं नाही आणि कॉन्ट्रॅक्टरला पत्ताच नव्हता. तिघं बसलो, १,२०० वर मिटलं, कागद झाला. तो रकाना रिकामा असलेला नवा रिलीज आला. पुढे प्रत्येक रिलीज मी खालून वर वाचायला लागले, आधी तो रकाना.

टाइलवाल्याचा प्रसंग मला जास्त आठवतो. एकटाच काम करणारा माणूस, पन्नाशीचा. स्पॅनिश बोलणारा, इंग्रजी कामापुरतं. बाबा रोज त्याच्याजवळ स्टूल टाकून बसायचे. बाबा मराठीत विचारायचे, तो स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायचा, आणि दोघांचं उतार, पाणी, लेव्हल याबद्दल एकमत असायचं. बाथरूम संपलं त्या संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टरने मला बिनशर्त फॉर्म पाठवून सांगितलं की त्याची सही घेऊन ठेवा म्हणजे हप्ता मोकळा होईल. मी प्रिंट घेऊन ड्राइव्हवेवर गेले. त्याने कागद पिकअपच्या बॉनेटवर ठेवला, हात पँटला पुसले आणि ओळीखाली बोट ठेवत वाचायला लागला. वरच्या चौकटीतल्या मजकुरावर बोट थांबलं. तिथे सही करणाऱ्यासाठी इशारा छापलेला असतो: पैसे मिळाले नसले तरी सही केलीत तर हा कागद तुमच्यावर बंधनकारक आहे, पैसे मिळाले नसतील तर सशर्त फॉर्म वापरा.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “नो पे. नॉट येट.”

४,३०० डॉलर त्याला यायचे होते. हातातलं पेन मी खाली ठेवलं. महिनाभर मी एकाच बाजूने विचार करत होते, की माझं घर कसं वाचेल. आणि इथे मी स्वतः एका माणसाला न मिळालेल्या पैशांची पावती लिहून मागत होते. आत जाऊन सशर्त फॉर्म छापला. चेक कोणाचा, किती रकमेचा, कोणाच्या नावे, हे तिन्ही रकाने त्याच्यासमोर भरले आणि मग त्याने सही केली, सावकाश, शाळेतल्यासारखी. तो चेक कॉन्ट्रॅक्टरने माझ्यासमोर द्यावा असं मी सांगितलं. दिला. आठवड्याने बिनशर्त कागदाचा फोटो आला, त्याच बॉनेटवर ठेवून काढलेला. मूळ प्रत तो नंतर स्वतः आणून देऊन गेला आणि बाबांना भेटला.

प्लंबरबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मागितलं, दिलं.

जुलैच्या अखेरीस शहराचं फायनल इन्स्पेक्शन झालं. काम पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत घरमालकाला नोटीस ऑफ कम्प्लीशन नोंदवता येते. ती नोंदवली की लीन लावायची मुदत आटते. एरवी सगळ्यांना काम पुरं झाल्यापासून ९० दिवस असतात. नोंदवल्यावर मुख्य कॉन्ट्रॅक्टरला ६० आणि बाकीच्यांना ३०. आमचा काउंटी अलामिडा, त्यामुळे ओकलंडला मॅडिसन स्ट्रीटवर काउंटी रेकॉर्डरकडे गेलो. बाबांनी येण्याचा हट्ट धरला होता. परतीच्या तिकिटाला सहाच दिवस उरले होते, तरी त्यांना गोल्डन गेट पुन्हा बघायचा नव्हता, हे बघायचं होतं. खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारला, नोंदणी क्रमांक पडला, तेव्हा ते हळूच म्हणाले, “तलाठी सज्जा मोठा आहे पण काम तेच.”

शेवटचा हप्ता नव्या ओट्यावर दिला. एका बाजूला चेक, दुसऱ्या बाजूला कॉन्ट्रॅक्टरचा शेवटच्या पैशांचा सशर्त रिलीज आणि सगळ्या सबचे बिनशर्त. एक सोडून. काउंटरटॉपवाल्यांचा शेवटचा कागद आला नव्हता, म्हणून तेवढी रक्कम पुन्हा जॉइंट चेकने. कॉन्ट्रॅक्टर या वेळी रागावला नाही. ‘अँड’ मोठा लिहा, असं तोच म्हणाला. चहाही घेतला.

डॅलसच्या मावसबहिणीला मी हे सगळं कौतुकाने सांगितलं तर ती म्हणाली, आमच्याकडे फॉर्म वेगळे. टेक्सासमध्ये २०२२च्या आधी त्यावर नोटरी लागायची, शिवाय घरमालकाने १० टक्के रक्कम काम संपल्यावर ३० दिवस राखून ठेवायची असते. तेव्हा माझे कलमांचे आकडे बघून दुसऱ्या राज्यात कोणी फॉर्म छापू नका.

काउंटरटॉपवाल्यांचा कागद यायला तीन आठवडे लागले. त्यांची हिशेबाची बाई रजेवर होती. गणपतीच्या दोन दिवस आधी तो आला. बाबा तोवर साताऱ्याला पोचले होते. चतुर्थीला सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा नवा हूड पूर्ण आवाजात घोंघावत होता आणि एकवीस मोदकांपैकी चौदावा माझ्या हातात कळीला आला होता.

“उतरला का बोजा?”

“चढलाच नाही, बाबा.”

“एकूण कागद किती झाले?”

“एकवीस. तो चुकीच्या तारखेचा धरला तर बावीस.”

“तो मोजू नकोस,” बाबा म्हणाले. “पण फाडूही नकोस.”